बाप्तिस्म्यास, लोणावळ्याहून

प्रिय बाप्तिस्मा,



तुला पाणी किती लागतं, यावर तुझी लेकरं जवळजवळ दोन हजार वर्षं वाद घालत आली आहेत. कुणी म्हणतं, कपाळावर ओंजळभर पुरे. कुणी म्हणतं, माणूस आख्खा बुडाला नाही तर तू झालासच नाहीस. मी लोणावळ्याची. आमच्याकडे आषाढात पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नाही, चादरी वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते. पाण्याचा असा सुकाळ बघत वाढलेल्या मला पाण्याच्या मापावरून झालेली ही ताटातूट फार लागते. म्हणून तुलाच लिहायला बसले.

तुझ्या सगळ्यात जुन्या कागदांपैकी एक म्हणजे ‘डिडाखे’, प्रेषितांची शिकवण सांगणारं अगदी छोटं पुस्तक. पहिलं शतक संपताना किंवा दुसरं सुरू होताना ते लिहिलं गेलं असावं. त्यात तुझ्याबद्दल सांगितलंय ते असं: वाहत्या पाण्यात द्यावा. वाहतं नसेल तर दुसरं चालेल. थंड नसेल तर कोमट चालेल. तेवढंही नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओतावं. घेणाऱ्याने मात्र आधी एक-दोन दिवस उपास करावा, देणाऱ्यानेही करावा. मला ही शिकवण फार शहाणी वाटते. पाण्याची सक्ती नाही, मनाच्या तयारीची आहे. हे पुस्तक शतकानुशतकं हरवल्यासारखंच होतं. १८७३ साली त्याची जुनी प्रत इस्तंबूलला सापडली आणि १८८३ साली ती छापून जगापुढे आली.

१८८३ हे तुझं विलक्षण वर्ष. त्याच वर्षी विल्यम बूथ यांच्या मुक्तिफौजेने, म्हणजे साल्व्हेशन आर्मीने, तुला आणि प्रभुभोजनाला, दोघांनाही आपल्या उपासनेतून बाजूला काढलं. बाहेरच्या विधीपेक्षा आतला पालट महत्त्वाचा, असं त्यांचं म्हणणं. नगरला मुक्तिफौजेचं इव्हँजेलीन बूथ रुग्णालय आहे. तिथे रोग्यांची सेवा करणाऱ्या कित्येकांच्या डोक्याला तुझं पाणी लागलेलं नसेल, आणि त्यांना ख्रिस्ताचे लोक म्हणायला माझी जीभ एक क्षणही अडखळत नाही. आणि त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंनी आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, तुझा स्वीकार केला.

रमाबाईंपाशी मला थोडं थांबू दे, कारण तुझ्यावरच्या दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांना त्यांच्या एकट्या आयुष्याने उत्तर दिलंय. तान्ह्या मुलांना तू दिला जावास असं म्हणणारे सांगतात की कृपा मागण्याआधी मिळते, श्रद्धा पाठोपाठ वाढते. मोठ्यांनाच द्यावा असं म्हणणारे सांगतात की आधी श्रद्धा, मग साक्ष, मग पाणी. रमाबाई तर जाणत्या वयाच्या. संस्कृत शास्त्रं पालथी घातलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या. नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांचं लेखन वाचून, पारखून त्यांनी निर्णय घेतला. आणि तुझं पाणी डोक्यावर पडल्यानंतर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून जो वाद झाला, तो आजही वाचावा असा आहे. त्रैक्याची शिकवण मनाला पटेना, तर त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. चर्चच्या अधिकारापुढे मान तुकवा म्हटलं, तर माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाकडे गहाण टाकलेली नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली. पुढे १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली. तिचा आशय असा, की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे उमगायला आठ वर्षं गेली.

आठ वर्षं! म्हणजे सज्ञान, विदुषी, स्वखुशीने आलेल्या बाईच्याही बाबतीत तू आधी आलास आणि श्रद्धा मागाहून आली. मग तान्हं मूल आणि जाणती बाई यांत तुझ्यापुरता तरी काय फरक उरला? तू सुरुवात आहेस, हेच दोघांनाही लागू पडतं. लहानपणी दिला म्हणून तू कमी होत नाहीस, आणि मोठेपणी घेतला म्हणून माणूस पुरता तयार होऊन येत नाही.

याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्तिसदन उभारलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या, जगवल्या, शिकवल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना बैलगाड्यांत बसवून भीमेवर नेलं, आणि तिथे नदीत उतरून त्यांनी तुझा स्वीकार केला. आता भूगोल बघ. आमची इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. कामशेत, तळेगावच्या बाजूने देहू, आळंदी करत ती तुळापूरला भीमेला मिळते, आणि तीच भीमा पुढे केडगावच्या उत्तरेने जाते. आमच्या मावळचं पाणी तुकोबांच्या देहूवरून, ज्ञानोबांच्या आळंदीवरून वाहत जाऊन त्या पोरक्या मुलींच्या अंगावरून गेलं. तुझा अर्थ मला कुठल्याही धर्मशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या नदीच्या वाटेवर जास्त कळतो.

केडगावचं पाणी तिथेच थांबलं नाही. १९०५ साली मुक्तिसदनात मोठं जागरण झालं. मुली रात्ररात्र प्रार्थना करू लागल्या, आत्म्याने आणि अग्नीने होणाऱ्या बाप्तिस्म्याची भाषा बोलू लागल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ साली त्यावर पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेत चिली देशातल्या वाल्पाराइसोला हूव्हर या मेथॉडिस्ट मिशनरी दांपत्याच्या हाती पडली आणि तिथे पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहण्यात तिचा मोठा वाटा ठरला. पुणे जिल्ह्यातल्या एका गावात तुझ्याबद्दल जे उमगलं, ते समुद्रापार एका आख्ख्या देशाच्या उपासनेला वळण देऊन गेलं, आणि आमच्या शाळांच्या पुस्तकांत त्याची एक ओळ नाही.

आता तुझी रूपं. रेल्वेने १८६३ साली बोरघाट ओलांडला आणि लोणावळ्यात इंजिनांचा कारखाना आला. त्याच्याबरोबर तऱ्हेतऱ्हेचे ख्रिस्ती लोक इथे आले. जुन्या गॅझेटिअरात इथल्या प्रोटेस्टंट आणि रोमन कॅथलिक, अशा दोन्ही चॅपेलांची नोंद आहे. त्यामुळे लोणावळ्यातल्या ख्रिस्ती मुलांना तू दोन-तीन प्रकारे होतोस हे शेजारीपाजारीच दिसायचं. कॅथलिकांचा विधी मला नेहमीच देखणा वाटत आला. देवळाच्या दाराशीच फादर विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंय, देवाच्या मंडळीकडे काय मागता. मग कपाळावर क्रूस, तेलाचा अभिषेक, तीनदा पाणी, माथ्यावर क्रिस्म नावाचं सुगंधी तेल, पांढरं वस्त्र, आणि पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून लावलेली छोटी मेणबत्ती बाळाच्या बापाच्या हातात. धर्मपिता, धर्ममाता बाजूला उभे. कारखान्यांमागोमाग चिंचवड-तळेगावकडे आलेल्या मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंबांत बाळाला पाणी झालं की लगेच मूरोन तेलाने अभिषेक होतो आणि त्याच उपासनेत तान्ह्या ओठांना प्रभुभोजनही लागतं. ‘समजेल तेव्हा घेईल’ हा विचारच तिथे नाही. आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत पाळकसाहेब बाळाला हातावर घेतात, पाणी लावतात, सगळी मंडळी उभी राहून जबाबदारी घेते, आणि मूल मोठं झालं की दृढीकरणाच्या वेळी स्वतःच्या तोंडाने कबूल करतं.

आणि बुडवून देणारे. बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल आणि गेल्या काही दशकांत घराघरांतून वाढलेल्या कितीतरी नव्या संगती. त्यांचं एक म्हणणं मला मनापासून पटतं. पौलाने रोमकरांना लिहिताना तुला मरण म्हटलंय, ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं म्हटलंय. ओंजळभर पाण्यात मरण दिसत नाही, नदीत दिसतं. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर शनिवार-रविवारी नाचणाऱ्या पाहुण्यांना पाणी म्हणजे मौज वाटते, पण इथल्या घरांना माहीत आहे की ते दर पावसाळ्यात माणसं नेतं. श्वास कोंडून पाण्याखाली जाणं आणि वर येऊन पहिला श्वास घेणं, यात जे कळतं ते कपाळ ओलं होण्यात कळेलच असं नाही. हे मी बाळपणी पाणी लावून घेतलेली बाई लिहिते आहे.

पण खूण मोठी म्हणून दुसऱ्याचा बाप्तिस्मा खोटा, हे मला मान्य नाही. या एका पायरीवरून चर्चचा पाय वारंवार घसरला. तिसऱ्या शतकात पाखंड्यांच्या हातचा बाप्तिस्मा खरा की खोटा यावरून कार्थेजचे सिप्रियान आणि रोमचे स्तेफान एकमेकांविरुद्ध उभे राहिले. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही तरुणांनी जाणतेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला दोन वर्षांनी शहराच्या सरकारने शिक्षा म्हणून लिम्माट नदीत बुडवून मारलं. ख्रिस्ती माणसांनी ख्रिस्ती माणसाला पाण्याच्या विधीवरून पाण्यातच मारावं, याहून तुझी मोठी विटंबना मला आठवत नाही.

आपल्याकडे निदान एकदा शहाणपण झालं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताचं चर्च, म्हणजे सीएनआय, स्थापन झालं. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे होते आणि बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्सही होते. एकीच्या वाटेतला एक मोठा दगड होता तो तूच. त्यांनी ठरवलं की बाळांचा बाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य. ज्या कुटुंबाला जे योग्य वाटेल ते त्याने घ्यावं. ज्या पाळकाच्या मनाला बाळांना देणं पटत नाही त्याच्यावर सक्ती नाही, त्या वेळी दुसरा पाळक येईल. पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा होणार नाही. बारा वर्षांनी, १९८२ साली, पेरू देशातल्या लिमा शहरी जगभरच्या चर्चेसनी एकमेकांचा बाप्तिस्मा ओळखावा असा मसुदा तयार झाला. नागपूरला आपली माणसं तिथवर आधीच पोचली होती. आमच्या मंडळीतल्या तरुणांना हे कुणी सांगत नाही याचा मला त्रास होतो.

आता तुझ्याशी थोडं कठोर बोलायचं आहे. या मुलखात तू नेहमी हातात दिवा घेऊन आला नाहीस. गोव्यात १५५९ साली पोर्तुगीज राजाच्या हुकुमाने अनाथ हिंदू मुलं नातलगांकडून काढून घेऊन त्यांना तुझं पाणी लावलं गेलं. त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स या पाद्र्याने नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेतलं पुराण हवं म्हणून ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं, आणि मराठीला त्याने जे दिलं ते अनमोल आहे. पण त्या गोडव्याने त्या मुलांचे आणि त्यांच्या नातलगांचे अश्रू पुसले जात नाहीत. मुंबईत १८४३ साली श्रीपत शेषाद्री या कोवळ्या मुलावरून मिशनरी आणि त्याचा बाप कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा बापाला दिला. मग त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर सनातन्यांनी त्यांनाच छळलं. मुलगा एकच, आणि दोन धर्मांनी त्याला दोन्ही बाजूंनी ओढला. जबरदस्तीने दिलेला तू मी बाप्तिस्मा मानत नाही. लेकरू लहान असलं तर त्याच्या आईबापांची मर्जी हवी, आणि मोठं असलं तर त्याची स्वतःची.

आपल्या देशात पाणी कधीच नुसतं पाणी नव्हतं. कोण कुठल्या विहिरीवर जाणार, कोण कुणाच्या हातचं पिणार, यावर अख्खा समाज उभा होता. म्हणून तुझं खरं वजन कुंडातल्या पाण्यापेक्षा त्यानंतर पेल्यात ओतलेल्या पाण्यात होतं. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसं तिथे होती. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हात लावला. एवढ्यावर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, झालं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं सांगितली गेली. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत आहे की १८९२ च्या सुट्टीत ते कुटुंब लोणावळ्याला होतं, आणि मित्रांची घरं मोडू नयेत म्हणून माधवराव रानडे इथून पुण्याला जाऊन प्रायश्चित्त घेऊन आले. ख्रिस्ती हातच्या एका कप चहाची ही किंमत. ज्यांनी तुझंच पाणी घेतलं त्यांनी काय मोजलं असेल!

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत तुला स्वीकारलं. गोऱ्या मिशनऱ्याकडून नाही, भारतीय पाळकाच्या हातून. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ती बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. काही वर्षं नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या तरी सोवळं-ओवळं, वेगळं पाणी, वेगळी चूल चालूच. मग महाबळेश्वरी एकदा त्यांनी स्वतःशीच विचार केला की जात देवाने केली असती तर जनावरांसारखी ती माणसांच्या अंगावर दिसली असती, आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना मला नेहमी वाटतं, लक्ष्मीबाईंचा पहिला बाप्तिस्मा तोच. चर्चमधला नंतर झाला.

मग आमच्यात जात गेली का? मंडळीत लग्न जुळवताना आजही हळूच विचारतात, मूळचे कोण. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना हेच बोट ठेवलं की पाणी लावलं, नाव बदललं, पण जात चर्चच्या बाकांपर्यंत आली आणि मिशनऱ्यांनी तिच्याशी झुंज घेतली नाही. त्यांच्या शब्दांवर आम्ही रागावतो, उत्तर देत नाही. मावळच्या वेशीवर देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी, आमच्या नाताळच्याच दिवशी, त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. ज्या लोकांनी महाडला १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेतली, त्यांना आमच्या कुंडाशी आपलं घर का दिसलं नाही, हा प्रश्न आमच्या प्रत्येक सिनॉडने स्वतःला विचारायला हवा होता.

आणि ज्यांना ते दिसलं, त्यांना सरकारने शिक्षा दिली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती जवळजवळ हिंदूंपुरत्याच ठेवल्या. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला, तेव्हा तिला लहानपणी तुझं पाणी लागलं होतं हेही विचारात घेतलं गेलं. गावात घर त्याच वस्तीत, हिणवणं तेच, आणि तुझ्या नोंदवहीतली एक ओळ मात्र त्या लेकराच्या शाळेच्या फीपासून नोकरीपर्यंत सगळं हिरावून घेते. म्हणून कितीतरी घरं रविवारी उपासनेला येतात, बायबल वाचतात, आणि तुझ्यापासून लांब राहतात. त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी होता. १९१९ साली टिळक गेले आणि ते काम थांबलं. ज्यांना तुझी किंमत परवडत नाही त्यांच्यासाठी असा दरबार आज आधी उघडायला हवा, असं मला फार वाटतं.

पाण्याबद्दल आमच्या मावळ तालुक्याला कुणी शिकवू नये. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर बसले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. ज्या मातीत पाण्यासाठी माणसं मरतात तिथे पाणी हे चिन्ह आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही. इथे तुझं पाणी घेणाऱ्याने विचारायलाच हवं की हे कुणाचं, कुणाच्या वाट्याचं, आणि यातलं मी कुणाला देणार.

आता घरातलं सांगते, कारण ते तुझ्याशिवाय सुटत नाही. माझ्या भाचीने वसईकडच्या कॅथलिक मुलाशी लग्न केलं. दोघं तळेगावला राहतात. त्यांना मुलगी झाली. जावयाच्या घरात चारशे वर्षांहून जुनी कॅथलिक परंपरा, आमच्या घरात पाळकसाहेबांची. आणि बाळाचा मामा, माझाच भाचा, एका नव्या संगतीत जातो. दारूने तो पार संपत आला होता. त्या लोकांनी त्याला उचललं, रोज रात्री त्याच्याशी प्रार्थना केली, आणि पवना जलाशयात नेऊन बुडवून बाप्तिस्मा दिला. मी काठावर होते. वर आला तेव्हा तो रडत होता आणि हसतही होता. त्यानंतर त्याने थेंब घेतलेला नाही. त्या आनंदाला खोटं म्हणणारं तोंड माझ्याजवळ नाही. पण तोच मला सांगतो, “मावशी, लहानपणी पाणी शिंपडलं तो बाप्तिस्माच नाही. माझा नव्हता, तुझाही नाही. आता बाळाचंही तेच करताय.” त्याच्या आईने त्याला हातावर धरून पाळकसाहेबांपुढे उभं केलं होतं, मंडळीने शब्द दिला होता. त्याच्या वाईट वर्षांत तो शब्द पाळायला मंडळी कमी पडली असेल. देवाने आपला शब्द मागे घेतला होता असं मात्र मला वाटत नाही. त्या दिवशी पवनेच्या पाण्यात त्याला जे मिळालं, ते त्याच्या तान्हेपणी दिलेलंच त्याच्या हाती लागलं, असं मी समजते. तो हे मान्य करत नाही. आम्ही एकत्र जेवतो, आणि या विषयावर दोघंही गप्प बसतो.

बाप्तिस्मा कॅथलिक देवळात होणार असं ठरलं. जावयाने लग्नाच्या वेळी तसं वचन दिलं होतं, आणि भाचीलाही ते पटलं. तिची इच्छा होती की मी धर्ममाता व्हावं. फादरांनी समजावून सांगितलं की धर्ममाता कॅथलिकच लागते, पण दुसऱ्या मंडळीत बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीला तिच्या जोडीला साक्षीदार म्हणून उभं राहता येतं. म्हणजे ज्या चर्चच्या वेदीवर मला प्रभुभोजन मिळत नाही, ते चर्च माझा बाप्तिस्मा खरा मानतं, आणि ज्या भाच्याला मी अंगाखांद्यावर वाढवलं तो मानत नाही. हे दोन्ही एकाच आठवड्यात ऐकलं तेव्हा मी सुन्न झाले होते. मग साक्षीदार व्हायला हो म्हटलं.

भाच्यालाही बोलावलंय. येतो म्हणालाय. मूल वाचायला लागलं की त्याला रमाबाई आणि लक्ष्मीबाई मीच वाचून दाखवणार आहे, मराठीतून, हे मी भाचीला बजावून ठेवलंय. अडचण पुढची आहे. उद्या ही पोर मोठी झाली, मामाची साक्ष ऐकली आणि म्हणाली, मावशीआजी, मलाही नदीत उतरायचंय, त्याशिवाय मला खात्री वाटत नाही, तर मी तिला काय सांगू? तुझं झालेलं आहे, पुन्हा होत नाही, हे मी सांगेन, कारण ते मला खरं वाटतं. पण तिला हवी असलेली ती खात्री, तो पाण्याखालून वर येतानाचा श्वास, तिला कुठे मिळेल, ते आमच्या मंडळ्यांनी अजून ठरवलेलं नाही. त्याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर ती मोठी व्हायच्या आत मला हवं आहे.

तुझीच,
लोणावळ्याची एक मंडळीकरीण